उजव्या बाजूचा तारा

माझं काम लोकांच्या तोंडावरच्या चामखिळी काढायचं. हसू नका, तेवीस वर्षं हेच करतेय. गावातल्या एकुलत्या एका फोटो स्टुडिओत खिडकीपाशी माझं तिरकं टेबल आहे. त्याला मधोमध भोक, भोकाखाली आरसा. आरशानं उजेड वर फेकला की काचेची निगेटिव्ह उजळते आणि मी टोकदार पेन्सिलीनं पुळ्यांचे डाग बुजवते, दुहेरी हनुवटी एकेरी करते, टकलावर चार केस उगवते. निगेटिव्हवर काळं केलं की फोटोत पांढरं उमटतं आणि खरवडलं की काळं उमटतं. पेन्सील चालते ती फक्त चित्र उमटवणारा मसाला लावलेल्या बाजूवर, दुसऱ्या बाजूला नुसती काच, तिथं ती घसरते. आणि मसाल्याच्या बाजूनं बघितलं की माणूस आरशातल्यासारखा उलटा दिसतो, डावीकडचं सगळं उजवीकडे. चामखीळ काढताना त्यानं काही बिघडत नाही. ती जिथं दिसते तिथं बुजवायची, झालं. डावं-उजवं बघायची वेळ येते ती नसलेलं काही घालायचं असलं तरच, आणि लढाईपर्यंत ती वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

घरी आम्ही दोघंच, मी आणि माझा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा, मी अठराची. मीच त्याला वाढवला, म्हणजे धपाटे घालून वाढवला, आणि तो गेला माझ्यावरच. हट्टी, तोंडाचा फटकळ. शेजारच्या देशाचं सैन्य सीमा ओलांडून आलं त्या हिवाळ्यात आपल्या सरकारनं तीन दिवस दम धरला आणि चौथ्या दिवशी पाहुण्यांचं स्वागत केलं. गावानंही केलं. रस्त्याच्या दुतर्फा माणसं, प्रत्येकाच्या हातात कागदी झेंडा. एवढा कागद कुठून आला देव जाणे, आदल्या आठवड्यात शाळेत वह्या मिळत नव्हत्या. धाकट्यानं हे सगळं गच्चीवरून पाहिलं, खाली आला, एकावर एक दोन जोड मोजे चढवले आणि म्हणाला, "ताई, मी डोंगरात जातोय."

"डोंगरात काय आहे?"

"अजून काही नाही. म्हणून तर जातोय."

मी त्याला मूर्ख म्हटलं, गाढव म्हटलं, आईची शपथ घातली. मग डबा भरून दिला. तो जिन्यावरून उतरला तेव्हा मी वर उभी राहून ओरडत होते की परत आलास तर तंगडी तोडीन.

चार वर्षं त्याचं पत्र नाही, निरोप नाही. मी रोज संध्याकाळी घरी यायची आणि कुलूप काढायच्या आधी खाली वाकून बघायची, दारातून कोणी काही सरकवलंय का. मला फक्त तो घरी यायला हवा होता. देशाचं काय व्हायचं ते होवो, देशाला माझ्यावाचून काही अडलं नव्हतं.

त्या चार वर्षांत आमचा स्टुडिओ असा चालला की मालकांना जेवायला फुरसत नव्हती. ज्याला त्याला परक्या साहेबांबरोबर फोटो हवा. कुणाला खुर्चीमागे उभं राहायचं, कुणाला साहेबाच्या मांडीवर आपलं पोर बसवायचं. आमचे नगराध्यक्ष मूळचे साबणवाले. परक्या सैन्यानं चार वर्षं आंघोळ केली ती यांच्याच साबणानं. त्यांनी तर खुद्द कमांडरशी हस्तांदोलन करतानाचा फोटो काढून घेतला, आणि मालकांनी तो काचेत लावून दुकानाच्या दर्शनी भागात ठेवला. मी येता-जाता त्याच्याकडे पाठ करायची. तेवढंच माझं शौर्य.

मग वारं फिरलं. दूरच्या मोठ्या देशांनी एकमेकांत काय ठरवलं ते आम्हाला कुणी सांगितलं नाही, पण एका दुपारी परकं सैन्य चहाचे कप अर्धे ठेवून निघून गेलं आणि आठवड्याच्या आत डोंगरातली माणसं राजधानीत शिरली. नवं सरकार, नवा झेंडा, नवी टपाल तिकिटं. चौकाचं नाव बदललं, चौकातल्या घड्याळाची वेळ बदलली. आणि बघता बघता असं दिसून आलं की आमचं अख्खं गाव पहिल्यापासून डोंगरात होतं. न्हावी डोंगरात होता. बेकरीवाला डोंगरात होता, रोज पहाटे पाव भाजून मग जायचा. डोंगरात एवढी गर्दी होती तर माझ्या धाकट्याला तिथं निदान एकटं तरी वाटलं नसेल!

पहिल्या हिवाळ्यापासून जे लढले त्यांना डोंगरातच एक पदक दिलं होतं. त्याला पहिल्या हिवाळ्याचा तारा म्हणत. पितळी, सात टोकांचा, वर अरुंद फीत. साऱ्या देशात मिळून तीनशेच्या आसपास माणसांना तो मिळाला होता. पण कुणाकुणाला, ते लिहिलेली वही नदी ओलांडताना वाहून गेली. मग सरकारनं जाहीर केलं की लढाईच्या काळातला, छातीवर तारा असलेला फोटो जो दाखवील तो तारावाला. तारावाल्याला रेशनच्या रांगेत उभं राहायला नको, त्याची नोकरी जाणार नाही, त्याचं घर कुणी काढून घेणार नाही, त्याला चार वर्षांत काय केलंस असं कुणी विचारणार नाही. हे शेवटचं कलम वाचून गाव स्टुडिओकडे पळत सुटलं.

पहिले आले नगराध्यक्ष. मालकांनी त्यांची जुनी निगेटिव्ह काढून माझ्या टेबलावर ठेवली.

"बाई, हा माणूस काढता येईल?" त्यांनी कमांडरकडे बोट दाखवलं.

"येईल. पण तुमचा हात त्याच्या हातात आहे."

"हात राहू दे. माणूस जाऊ दे."

फोटोच्या कोपऱ्यात कुंडीतलं एक रुंद पानांचं झाड होतं. मी ते वाढवत वाढवत कमांडरच्या अंगावर नेलं. दोन दिवस लागले. नगराध्यक्ष आता झाडाशी हस्तांदोलन करत होते. चेहऱ्यावरचा लोचट आनंद तेवढा तसाच राहिला, कारण चेहऱ्याला हात लावायचा नाही असं त्यांनी बजावलं होतं.

"आणि इथं तारा," त्यांनी डाव्या छातीवर थाप मारली. पदक डावीकडे लावतात हे कुणालाही ठाऊक असतं. खरा तारा मात्र गावात कुणीच पाहिला नव्हता. वर्तमानपत्रात चित्र आलं होतं, त्यावरून मी काढला.

त्यांच्यामागे रांग लागली. आधी परका साहेब काढायचा, मग तारा घालायचा. एका महिन्यात मी किती साहेबांची झाडं केली, पडदे केले, एकाचं तर मोठं घड्याळ केलं. परकं सैन्य गावात असताना छातीवर तारा मिरवत स्टुडिओत फोटो काढायला कोण येईल, हे कुणी विचारलं नाही. विचारणाऱ्याचाही फोटो माझ्याकडे रांगेत होता.

"आपण खोटं करत नाही," मालक म्हणायचे. "लोकांच्या मनात होतं ते कागदावर आणतोय."

"मनात होतं तर चार वर्षं बाहेर का आलं नाही?"

"तू पेन्सिलीला टोक कर."

मी करायची. का केलं म्हणाल तर खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मला गंमत वाटत होती. कालपर्यंत मान वाकवून उभी असलेली ही माणसं माझ्यापुढं येऊन अजिजी करत होती. आणि दुसरं म्हणजे, तारा काढताना दर वेळी वाटायचं की असा एक खरा तारा कुठंतरी खऱ्या छातीवर असेल आणि ती छाती आमच्या धाकट्याची असेल. वेड्यासारखं वाटायचं.

आणि एका संध्याकाळी दाराखाली पाकीट होतं! पाच महिने फिरून आलेलं, चार देशांचे शिक्के, एक कोपरा पाण्यानं भिजून गेलेला. मी पायरीवरच बसले. धाकट्याचं अक्षर. तो जिवंत होता. डाव्या हाताची तीन बोटं गेली होती, सीमेपलीकडच्या दवाखान्यात होता, सोडलं की येतो म्हणून लिहिलं होतं. तंगडी तोडायची तयारी ठेव, असंही लिहिलं होतं. सोबत फोटो. दाढी वाढलेली, अंगावर दुसऱ्याच कुणाचा तरी कोट, डाव्या हाताला दोनच बोटं, आणि छातीवर तारा. मी रडले, हसले, शेजारणीला हाका मारून तिलाही रडवलं.

दुसऱ्या दिवशी मिरवायला म्हणून तो फोटो स्टुडिओत नेला आणि टेबलावर नगराध्यक्षांच्या फोटोशेजारी ठेवला. आणि झटकन बाकीच्यांचे फोटोही शेजारी मांडले. धाकट्याचा तारा डावीकडे होता. नगराध्यक्षांचा उजवीकडे. न्हाव्याचा उजवीकडे, बेकरीवाल्याचा उजवीकडे. फोटोतल्या माणसाची डावी छाती आपल्या उजव्या हाताला येते, एवढं मला झोपेतही कळतं. मी इमानेइतबारे माझ्या उजव्या हाताला तारा काढत गेले होते. पण काढत होते निगेटिव्हवर, मसाल्याच्या बाजूनं, जिथं सगळं उलटं! फोटो धुऊन हातात आल्यावरही कुणाच्या लक्षात आलं नाही. माणूस फोटोत आधी स्वतःचं तोंड बघतो, मग पोट बघतो, आणि मग पाकिटात घालतो.

मालकांना सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला. मग धाकट्याचा फोटो उजेडात धरून म्हणाले, "याचाच चुकला नसेल कशावरून? हा एकटा आहे, आपले एकशे साठ आहेत."

"अहो, याचा खरा आहे!"

"तेच तर म्हणतोय. खऱ्या माणसाला फोटोची सवय नसते."

तोवर नगराध्यक्षांनी आपला फोटो दाराएवढा मोठा करून नगरपालिकेच्या सभागृहात टांगला होता. झाडासकट. मालक त्यांच्याकडे जाऊन आले, चेहरा पांढराफटक. पण नगराध्यक्ष असे डगमगणारे नव्हते. तीन दिवसांत पत्रक निघालं. तारा उजव्या छातीवर लावावा, डाव्या बाजूस देशभक्ताचं हृदय असतं, त्यावर धातूचा भार टाकू नये. शाळेतल्या इतिहासाच्या मास्तरांनी लेख लिहिला की डोंगरात बंदुकीचा पट्टा डाव्या खांद्यावरून येई, म्हणून तारा पहिल्यापासून उजवीकडेच होता. मास्तर आयुष्यात शाळेचा जिना सोडून कशावर चढले नव्हते. लोकांनी लेख वाचला आणि मान डोलावली. काहींना तर आठवलंसुद्धा.

मला वाटलं, असो, गावापुरतं आहे, चार दिवसांत विसरतील. पण महिन्याभरानं राजधानीत मोजदाद झाली. तीनशे तारे वाटले होते, फोटो आले अकरा हजार. आणि त्यातल्या दहा हजारांहून जास्त फोटोंत तारा उजवीकडे. बातमी वाचली आणि माझ्या लख्ख लक्षात आलं. प्रत्येक गावात एक स्टुडिओ, प्रत्येक स्टुडिओत खिडकीपाशी माझ्यासारखं कुणीतरी बसलेलं, आणि सगळ्यांच्या पेन्सिली मसाल्याच्या बाजूनंच चालतात. त्या माणसांना मी कधी भेटले नाही, पण त्या दिवशी मला ती फार जवळची वाटली. मंत्री म्हणाले, जनतेनं कौल दिला आहे. कायदा झाला. तारा उजवीकडे. जो डावीकडे लावील तो तोतया, बहुधा शत्रूचा माणूस, त्याला धरून पडताळणी करावी.

मी त्याच दिवशी धाकट्याला पत्र टाकलं. तारा काढून खिशात ठेव आणि मग ये, असं लिहिलं. पण तो दवाखान्यातून आधीच निघाला होता.

मंगळवारी दुपारी मालक स्टेशनावर फोटोच्या कागदाचं पार्सल सोडवायला गेले होते. परत आले ते धापा टाकत. "तुझा धाकटा आलाय. म्हणजे, धरलाय त्याला. गाडीतून उतरला तो डावीकडे तारा लावून, छाती काढून. फलाटावर बँडवाले नगराध्यक्षांसाठी थांबले होते, त्यांना वाटलं याच्यासाठीच वाजवायचं, त्यांनी सुरू केलं, आणि मग कुणाचं तरी लक्ष गेलं."

मी पेन्सील टाकली आणि तशीच धावले. पडताळणी केंद्र शाळेच्या व्यायामाच्या हॉलमध्ये होतं. टेबलामागे बसलेला अधिकारी मला चांगलाच माहीत होता. लढाईत तो परक्या सैन्याच्या कचेरीत परवाने द्यायचा. शिक्क्याची गादीसुद्धा तीच होती, निळी, कडेला तुटलेली. त्याचा तारा मीच काढला होता आणि वर त्याचा तिरळा डोळाही सरळ केला होता. मी त्याच्यापुढं धाकट्याचा फोटो ठेवला.

"हा पुरावा. डोंगरातला आहे. तारीख बघा मागे."

त्यानं फोटो पाहिला, झटकन उलटा केला आणि माझ्याकडे सरकवला. "बाई, हा फोटो मी बघितला नाही. बघितला तर मला फाइलीत लावावा लागेल, आणि यात तारा डावीकडे आहे. नीट फोटो घेऊन या."

"नीट म्हणजे?"

"आता तुम्हाला मी सांगायचं?" तो हळूच म्हणाला. "गुरुवारी सकाळी ट्रक येतो. ज्यांची पडताळणी झाली नाही त्यांना घेऊन जातो."

"कुठं?"

"ते ट्रकवाल्याला माहीत."

मागच्या गुरुवारी नेलेल्यांपैकी कुणाचं पत्र आलं नव्हतं, हे सगळ्या गावाला माहीत होतं. माझं डोकंच फिरलं. मी टेबलावर हात आपटला आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं ओरडले, "अरे, तुझा तारा मी काढलाय! या न्हाव्याचा मी काढलाय! निगेटिव्ह उलटी असते, म्हणून उजवीकडे उमटला. चूक माझी आहे, माझी एकटीची! आतमध्ये बसलाय त्याचा तेवढा खरा आहे!"

ताऱ्याच्या दाखल्यावर शिक्का घ्यायला रांगेत वीसेक माणसं होती, सगळ्यांच्या उजव्या छातीवर नवे कोरे पितळी तारे. फोटो मंजूर झाला की सरकार तारा घडवून देत असे. कुणी छताकडे बघायला लागलं, कुणी बुटांची नाडी बांधायला वाकलं. न्हावी म्हणाला, "भाऊ अडकलाय बिचारीचा, डोक्यावर परिणाम झालाय." आणि सगळ्यांनी माझ्याकडे इतक्या मायेनं पाहिलं की मला त्याच्या कानशिलात द्यावीशी वाटली.

अधिकाऱ्यानं मला पाणी दिलं. "चूक तुमची एकटीची होती तोवर सुधारता आली असती," तो म्हणाला. "आता ती अकरा हजार माणसांची आहे. पाच मिनिटं भेटा भावाला, आणि घरी जा."

धाकटा भिंतीला लावलेल्या कसरतीच्या लाकडी शिडीला टेकून जमिनीवर बसला होता. चार वर्षांनी पाहत होते. केस पांढरे झाले होते, माझ्याहून जास्त. डावा हात त्यानं मांडीवर उताणा ठेवला होता, अंगठा आणि करंगळी तेवढी. तारा अजून छातीवर होता, डावीकडे. मला बघून उठला आणि लहानपणी यायचा तसा गळ्यातच पडला.

"बारीक झालायस," मी म्हणाले.

"तू जाड झालीस. ताई, यांचं डोकं फिरलंय का? म्हणे तारा उजवीकडे. कुणी ठरवलं हे?"

मला त्याच्याशी कधी खोटं बोलता आलं नाही. मी खाली बसले आणि सगळं सांगितलं. झाड, पडदे, न्हावी, एकशे साठ तारे. निगेटिव्ह कशी उलटी असते ते जमिनीवरच्या धुळीत बोटानं काढून दाखवलं. त्याला आधी हसू आलं. झाडाशी हस्तांदोलन ऐकून तर तो खोकला येईपर्यंत हसला. मग हळूहळू त्याचं हसू थांबलं.

"आमच्या तुकडीत नऊ जणांना मिळाला होता," तो म्हणाला. "मी एकटा राहिलो."

"फक्त बाजू बदलायची आहे रे. मी फोटो करून आणते, तू तारा इकडचा तिकडे कर, आणि घरी चल."

"नाही करायचा."

"गुरुवारी ट्रक येतोय!"

"येऊ दे. त्यांनी बदलावी बाजू. चुकलेत ते."

"ते अकरा हजार आहेत, गाढवा! मी तुला चार वर्षं दाराखाली शोधत होते, माहीत आहे तुला? मला तुझा तारा नकोय, मला तू हवायस!" मी रडत होते आणि त्याच्या खांद्यावर गुद्दे मारत होते. पहारेकरी आला आणि वेळ संपली म्हणाला. धाकटा पुन्हा शिडीला टेकून बसला.

बुधवारी सकाळी मालकांनी धाकट्याच्या फोटोवरून नवी निगेटिव्ह घेतली. निगेटिव्हच उलटी करून फोटो छापला की काम झालं, असं मला आधी वाटलं होतं. पण मग बोटं उजव्या हाताची गेलेली दिसली असती. हातानंच करायला हवं होतं. ऊन खिडकीत होतं तोवर मी बसून राहिले. असले फोटो मी महिनोन् महिने करत होते, पण त्या सगळ्यांत नसलेलं घालायचं होतं. इथं असलेलं काढायचं होतं, तेही खरं. पात्याच्या टोकानं फीत खरवडताना दिसलं की तिचा एक दोरा सुटलाय आणि कुणीतरी तो जाड्याभरड्या टाक्यानं शिवलाय. डोंगरात बसून शिवला असेल. मी तोही खरवडला. मग जागा नीट मोजून, दोनदा विचार करून, दुसऱ्या बाजूला तारा काढला. या खेपेला डावं-उजवं चुकलं नाही.

गुरुवारी सकाळी अधिकाऱ्यानं फोटो पाहिला आणि त्याच्या जिवात जीव आला. वाईट माणूस नव्हता तो. त्यानं शिक्का मारला, फाइलीत फोटो लावला आणि धाकट्याला बाहेर बोलावलं. बाहेर ट्रकचं इंजिन सुरूच होतं. छापील अर्ज तयार होता. ‘मी अज्ञानापोटी तारा डाव्या बाजूस धारण करीत होतो. मार्गदर्शनाबद्दल शासनाचा आभारी आहे.’

धाकट्यानं अर्ज वाचला. मग फाइलीतला फोटो बघितला, बराच वेळ बघितला. मला वाटलं आता हा फाडणार. मी त्याच्याकडे बघून हात जोडले, खरंच जोडले, सगळ्या लोकांदेखत. त्यानं माझे हात पाहिले आणि सही केली.

"आता तारा," अधिकारी म्हणाला. "माझ्यासमोर लावावा लागतो. नियम आहे."

धाकट्यानं उजव्या हातानं डावीकडचा तारा सोडवला. कोटावर तिथं सात टोकांचा गडद ठिपका राहिला, बाकी कापड उन्हानं विटून गेलं होतं. मग उजवीकडे लावायला गेला, पण कापड धरायला डावा हात लागतो, आणि अंगठा-करंगळीत ते धरवेना. टाचणी दोनदा निसटली. रांगेतली माणसं बघत होती. नगराध्यक्षही आले होते, ते पुढं सरकून म्हणाले, "अरे, कुणीतरी मदत करा आपल्या वीराला."

धाकट्यानं तारा माझ्यापुढं धरला. आवाजात राग नव्हता, तेच मला सोसवलं नाही.

"तूच लाव, ताई," तो म्हणाला. "तुला सवय आहे."

मी लावला. पहिल्याच खेपेला अगदी सरळ लागला.